कर्णबधिर कामगार दोन महिन्यांत सोडून का जातात?

प्रश्न: भोसरी एमआयडीसीत आमचं मशीनिंग आणि असेंब्लीचं युनिट आहे, साठेक माणसं आहेत. गेल्या वर्षी आयटीआय झालेली दोन कर्णबधिर मुलं घेतली होती. दोघांचा हात चांगला होता, पण दोन-अडीच महिन्यांत न सांगता निघून गेली. पुन्हा घ्यायची इच्छा आहे. मुलं कुठून मिळतील, त्यांना प्रशिक्षण कोण देतं, सरकारकडून काय मदत मिळते, कायद्याने आमच्यावर काय बंधन आहे आणि ग्राहकाच्या ऑडिटमध्ये काही अडचण येते का?

उत्तर: एकदा हात पोळल्यावरही तुम्ही पुन्हा घ्यायचं म्हणताय, याचं मला मनापासून बरं वाटलं. बहुतेक ठिकाणी "आम्ही करून पाहिलं, जमत नाही" यावरच विषय संपतो. विशेष शाळांतून आणि आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना पुणे-पिंपरी भागातल्या कारखान्यांत लावणं आणि तिथे टिकवणं हेच माझं बरीच वर्षं चाललेलं काम आहे. प्रशिक्षण कोण देतं हे तुम्ही विचारलंत. त्यावर माझा पहिला प्रश्न, प्रशिक्षण कोणाला? मुलांना व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) धरता येतो, ड्रॉइंग वाचता येतं. ते आयटीआयने शिकवलेलं आहे. शिकायचं राहिलेलं असतं तुमच्या सुपरवायझरचं, लाइन लीडरचं आणि वेळ-हजेरी बघणाऱ्या माणसाचं. मुलं येण्याआधी या तिघांची तयारी झाली तर मुलं टिकतात, नाहीतर दुसऱ्या वेळीही हेच होईल.

"न सांगता गेली" असं तुम्ही लिहिलंय. सांगायचं ठरवलं असतं तर कोणाला सांगितलं असतं? तुमच्याकडे त्यांची भाषा येणारं एकही माणूस नव्हतं.

ही मुलं कामाला कंटाळून फार क्वचित जातात. ती जातात कारखान्यातल्या बातम्या त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत म्हणून. एक नेहमीचा प्रसंग सांगते, तुमच्याकडेही घडला असण्याची दाट शक्यता आहे. आपल्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. महिनाअखेरीला डिस्पॅचचा दाब आला की गुरुवार चालू ठेवायचा आणि बदली सुट्टी पुढे कधीतरी द्यायची, असं ठरतं. हे कामगारांना कळतं कसं? शिफ्ट सुटताना सुपरवायझर मोठ्याने सांगतो, ज्यांनी ऐकलं नाही त्यांना चहाच्या टपरीवर कळतं. कर्णबधिर मुलगा दोन्ही ठिकाणी उभा असतो, पण बातमी त्याला मिळत नाही. गुरुवारी तो घरी राहतो. शुक्रवारी सुपरवायझरच्या कपाळावर आठ्या, त्या का हे याला समजत नाही. पगार होतो तेव्हा एका दिवसाचे पैसे कापलेले. विचारायला ऑफिसात गेला तर कोणीतरी घाईघाईत कागदावर दोन ओळी लिहून देतं, त्या त्याला धड लागत नाहीत. असं दोन महिन्यांत दोनदा झालं की मुलगा मनाशी ठरवतो, इथे आपल्याला फसवतात. घरच्यांनाही तसंच सांगतो. तिसऱ्या महिन्यात तो येत नाही.

यावर उपाय खर्चिक नाही, शिस्तीचा आहे. पंचिंग मशीनजवळ महिन्याच्या तारखांचा एक पांढरा फळा लावा. कामाचा दिवस हिरवा, सुट्टीचा लाल, बदल झाला की त्याच दिवशी रंग बदलायचा आणि मुलाला खांद्याला हात लावून तिथे नेऊन दाखवायचं. सोबत व्हॉट्सॲपवर फळ्याचा फोटो. पगाराच्या दिवशी पाच मिनिटं त्याच्याजवळ बसून स्लिपवरची प्रत्येक ओळ बोटाने दाखवायची: किती दिवस भरले, ओव्हरटाइम किती तास, पीएफ किती, कापले ते कशाचे. हे काम कोण करणार त्याचं नाव आधीच ठरवा. "सगळ्यांनी लक्ष ठेवा" म्हटलं की कोणीच ठेवत नाही.

आता लिहून देण्याबद्दल. ऐकू येत नाही पण वाचता येतं, तेव्हा लिहून दिलं की झालं, अशी बहुतेक मालकांची समजूत असते. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाने मराठी कानावर पडत पडत शिकलेली नसते. त्याची सहज भाषा खुणांची, लेखी मराठी त्याने शाळेत दुसरी भाषा म्हणून कष्टाने शिकलेली असते. दहावी पास असला तरी लांबलचक वाक्य त्याला अडखळायला लावतं. तुमच्या वर्क इन्स्ट्रक्शनच्या शीटवर असं काहीतरी असेल: "बोअरची मिती तपासल्याशिवाय जॉब पुढील ऑपरेशनला पाठवू नये." (जॉब म्हणजे मशीनवर घडणारा भाग, बोअर म्हणजे त्यातलं भोक.) या एका वाक्यात दोन नकार आहेत. 'तपासल्याशिवाय' मागे पडतं, 'पाठवू नये' लक्षात राहतं आणि मुलगा जॉब अडवून बसतो, किंवा उलटं होतं. तेच "आधी बोअर तपासा. मग पाठवा." असं लिहा, शेजारी प्लग गेज (भोकाचं माप तपासायचं साधन) बोअरमध्ये घातलेल्या हाताचा फोटो आणि त्याखाली चांगला जॉब हिरव्या चौकटीत, वाईट जॉब लाल चौकटीत. अशा शीटचा फायदा तुमच्या बिहार, ओडिशातून आलेल्या मुलांनाही होतो. ज्या युनिटने कर्णबधिर मुलांसाठी फोटोच्या शीट केल्या, त्यांनी पुढे त्याच सगळ्या लाइनवर लावलेल्या मी पाहिल्या आहेत.

सुपरवायझरच्या तयारीला सुरुवातीला अर्धा दिवस पुरतो. भारतीय सांकेतिक भाषा पूर्ण शिकायची नाहीये. तुमच्या शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या विभागात, लागणाऱ्या पन्नास-साठ खुणा पुरेत: थांब, धोका, मशीन बंद, रिजेक्शन, साइज मोठा, साइज छोटा, इन्सर्ट (मशीनची कापणारी पात) बदल, सुट्टी, ओव्हरटाइम, पगार, उचल, दवाखाना, घरून फोन. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने दहा हजार शब्दांचा व्हिडिओ कोश तयार केला आहे, तो मोफत बघता येतो. पण कारखान्यातले बरेचसे शब्द कोशात मिळत नाहीत, ते मुलं आणि सुपरवायझर मिळून ठरवतात आणि तेच जास्त टिकतात. शिकवायला शक्यतो कर्णबधिर प्रशिक्षकच बोलवा, सोबत दुभाषा. सुपरवायझरना पहिल्याच तासात जाणवतं की समोरचा माणूस हुशार आहे, अडतंय ते आपलं. खुणांच्या भाषेत प्रत्येक माणसाला एक खूण-नाव मिळतं, कोणाला मिशीवरून, कोणाला चष्म्यावरून, कोणाला डोक्यावर हात फिरवायच्या सवयीवरून. लाइनवरच्या सगळ्यांना अशी नावं मिळाली की वातावरण पालटतं. त्या दिवसानंतर जेवणाच्या सुट्टीत मुलं एकटी बसत नाहीत.

काही साध्या गोष्टी मात्र बजावून सांगा. बोलताना तोंड त्याच्याकडे हवं, मास्क खाली, प्रकाश बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर. लांबून ओरडून उपयोग नाही. आणि लक्ष वेधायला नट, चिंधी, बाटलीचं झाकण असलं काही फेकून मारायचं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण हे सर्रास होतं, गमतीत होतं, आणि मुलांच्या मनाला ते फार लागतं. एक प्रश्न सुपरवायझर नेहमी विचारतात, "समजलं का विचारलं तर मान हलवतो, मग चूक का करतो?" मान हलवणं म्हणजे समजलं असं नव्हे. समोरच्याचा वेळ जातोय, तो चिडेल, या भीतीने मुलं मान हलवतात. म्हणून "समजलं का" विचारूच नका, "करून दाखव" म्हणा.

आता मशीन आणि सुरक्षा. मुलं यायच्या आधी एक दिवस वही घेऊन शॉपमधून चक्कर मारा आणि जिथे जिथे तुमची माणसं आवाजावरून काही ओळखतात ती प्रत्येक जागा लिहून काढा. यादी तुमच्या अंदाजापेक्षा मोठी होईल. सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) इन्सर्ट गेला की आवाज बदलतो, जुना ऑपरेटर पाठ वळवूनही ओळखतो. कर्णबधिर ऑपरेटरला तिथे टूल लाइफ काउंटर लावून द्या, ठरलेल्या नगांनंतर इन्सर्ट बदलायचाच. शिवाय मशीनवर किती ताण येतोय ते दाखवणारा पॅनलवरचा लोड मीटर बघायची सवय लावा. सायकल संपली किंवा अलार्म आला तर मशीनवरचा टॉवर लॅम्प (इशारा देणारा दिवा) त्याच्या नजरेच्या टप्प्यात आहे ना, तो चालू आहे ना, हे बघा. कितीतरी मशीनवर तो बंद पडलेला असतो आणि कोणाला फरक पडत नाही, कारण सगळे आवाजावर चालतात. फोर्कलिफ्ट हा सगळ्यात मोठा धोका. मागे येतानाचा बझर त्याला ऐकू येणार नाही. फोर्कलिफ्टला पुढे आणि मागे जमिनीवर निळा ठिपका टाकणारा दिवा बसवा, कोपऱ्यांवर बहिर्गोल आरसे, आणि पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चालण्याचा नियम सगळ्यांना सारखाच.

आगीच्या सायरनला लुकलुकणारा दिवा जोडताना तो फक्त शॉपमध्ये लावून थांबू नका. स्वच्छतागृहात आणि कपडे बदलण्याच्या खोलीतही हवा. सायरन वाजला, सगळे बाहेर पळाले आणि हा एकटाच आत, हा प्रसंग तिथेच घडू शकतो. मॉक ड्रिल मुलं रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात घ्या आणि बाहेर जमल्यावर त्याची मोजणी कोण करणार हे ठरवून ठेवा.

कुठल्या कामावर लावायचं? पॅकिंगला लावू नका. म्हणजे पॅकिंगच जमत असेल तर जरूर, पण टर्नर झालेल्या मुलाला सोपं पडेल म्हणून खोकी भरायला बसवणं हा त्याच्या शिक्षणाचा अपमान आहे. मशीन ऑपरेशन, व्हिज्युअल इन्स्पेक्शन, सब-असेंब्ली ही कामं ही मुलं उत्तम करतात. एकाच शिफ्टला दोघं असावेत, म्हणजे बोलायला सोबत मिळते. दोघांना एकाच कोपऱ्यात मात्र ठेवू नका, नाहीतर बाकीची लाइन त्यांच्याशी संबंधच ठेवत नाही. प्रत्येकाला एक ऐकू येणारा जोडीदार नेमून द्या. तो हौशी असावा, नेमलाय म्हणून नाइलाजाने आलेला नको.

मुलं मिळण्याची ठिकाणं बरीच आहेत. तुमच्या जवळच्या आयटीआयचे प्राचार्य आणि प्लेसमेंट बघणारे निदेशक यांच्यापासून सुरुवात करा. दरवर्षी दोन-चार कर्णबधिर मुलं पास होतात आणि त्यांना विचारायला कोणी येत नाही. कर्णबधिरांच्या विशेष शाळांत माजी विद्यार्थ्यांचे व्हॉट्सॲप गट असतात, तिथे एक व्हिडिओ टाकला की निरोप वाऱ्यासारखा पसरतो. जिल्ह्याचं कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र, मुंबईत सायनचं दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, या सरकारी जागा. अली यावर जंग संस्थेकडून दुभाष्यांची चौकशीही करता येते. हातापायाच्या अपंगत्वाची मुलंही घ्यायची असतील तर खडकीच्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटशी बोला. 1917 पासून ती संस्था अपंगत्व आलेल्या जवानांना तांत्रिक शिक्षण देते आहे.

मुलाखतीला आई किंवा वडील सोबत येतात आणि सगळी उत्तरं तेच देतात. त्यांना चहा द्या, आदराने बसवा, पण प्रश्न मुलालाच विचारा. त्या दिवशी दुभाषा हवाच. परीक्षा हातावर घ्या: दहा जॉब, एक गो-नो-गो गेज (माप बसतं की नाही एवढंच दाखवणारं), चांगले-वाईट वेगळे कर. निबंध लिहायला लावू नका.

दुभाष्याचा खर्च साठ माणसांच्या युनिटला जड वाटतो. पण त्याला रोज बोलवायचं नसतं. मुलाखत, रुजू होण्याचे पहिले दोन दिवस आणि नंतर महिन्यातून एकदा दोन तास, तेवढ्यावर भागतं. तुमच्या गल्लीतल्या चार-पाच युनिटनी मिळून एकच दुभाषा ठरवला तर खर्च वाटला जातो. हे मी लघुउद्योग संघटनांच्या बैठकांत आग्रहाने मांडते. महिन्याच्या त्या दोन तासांत मालकाने किंवा मॅनेजरने स्वतः बसावं. साठलेल्या तक्रारी तिथे बाहेर पडतात आणि मुलगा निघून जाण्याआधी कळतात. तुमच्याकडे मुली रुजू होणार असतील तर अंतर्गत समितीच्या (लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या) सदस्यांना या दुभाष्याचा नंबर आधीच द्या. ज्या मुलीला तक्रार सांगायला भाषाच मिळत नाही, तिच्यासाठी ती समिती फक्त भिंतीवरचा कागद आहे.

सरकारी मदतीत सगळ्यात उपयोगाची शिकाऊ उमेदवारी. कंत्राटी धरून तीस किंवा जास्त माणसं असली की शिकाऊ उमेदवार घेणं तुम्हाला बंधनकारकच आहे, एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के. मग त्याच जागांवर ही मुलं घ्या. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा 25 टक्के वाटा, महिन्याला 1,500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात भरतं. करार पोर्टलवर होतो, त्यामुळे कागद पक्का राहतो. रोलवर घेतल्यावर लक्षात ठेवा, ईएसआयची (कामगार राज्य विमा योजनेची) वेतनमर्यादा इतरांना 21,000 रुपये असली तरी दिव्यांग कामगाराला 25,000 आहे. पगार वाढला म्हणून त्याचं कार्ड बंद करून टाकलेलं मी पाहिलंय, ते चूक आहे. मुलांकडे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर काढायला मदत करा, पुढचं सगळं त्यावरच चालतं. ठेकेदारामार्फत मात्र घेऊ नका. ऑर्डर कमी झाली की ठेकेदार सगळ्यात आधी यांनाच कमी करतो, कारण ती भांडायला येत नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यातलं चार टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांना आहे, खासगी कारखान्याला आरक्षणाची सक्ती नाही. पण समान संधी धोरण करणं प्रत्येक आस्थापनेला लागू आहे. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्या धोरणात दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी, निवडीची पद्धत, प्रशिक्षण, सहायक साधनं, विशेष रजा हे सगळं लिहावं लागतं आणि एक संपर्क अधिकारी नेमावा लागतो. धोरण दिसेल अशा जागी लावायचं आणि त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची. आपल्याकडे दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. तरतुदी मोडल्या तर पहिल्यांदा 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा मोडल्यास 50,000 ते पाच लाख. सल्लागाराकडून तयार नमुना विकत घेऊन नाव बदलू नका. वर सांगितलेली आवाजांची यादी, फळा, दिवे, दुभाषा हेच तुमच्या धोरणात लिहा, ते खरं धोरण होईल.

पहिले सहा महिने टिकलेली मुलं दोन-तीन वर्षांनी पुन्हा का जातात, हेही आत्ताच सांगते. शॉपमधला स्किल मॅट्रिक्सचा बोर्ड बघा. नावासमोर वर्तुळं असतात: पाव भरलेलं म्हणजे शिकतोय, अर्धं म्हणजे देखरेखीखाली करतो, पाऊण म्हणजे एकटा करतो, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. कर्णबधिर मुलाच्या नावासमोरची वर्तुळं पाऊणला येऊन थांबतात आणि सेटिंगचा (मशीन कामासाठी जुळवून देण्याचा) रकाना रिकामाच राहतो. त्याच्याबरोबर लागलेला मुलगा सेटर होतो, त्याचा पगार वाढतो, हा ऑपरेटरच राहतो. "शिकवायचं कसं" हे कारण पुढे येतं. तुमच्याकडे पुढच्या वर्षी आणखी दोन कर्णबधिर मुलं आली तर त्यांना सगळ्यात चांगलं शिकवणारा हाच आहे. त्याचं वर्तुळ पूर्ण भरा, सेटिंगला बसवा आणि त्याप्रमाणे पगारही द्या.

राहिला ऑडिटचा प्रश्न. वाहन उद्योगातले ग्राहक आयएटीएफ 16949 या गुणवत्ता मानकाप्रमाणे ऑपरेटर सक्षम असल्याचा पुरावा मागतात. तो ऐकू शकतो का, हे त्यात कुठेही नाही. मुलाने जॉब लावला, मोजला, वाईट जॉब लाल बिनमध्ये टाकला, याचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ आणि हातावर घेतलेल्या परीक्षेची सही केलेली शीट त्याच्या ट्रेनिंग फाइलला लावा. बहुतेकांच्या फाइलमध्ये असते त्या नुसत्या हजेरीच्या सहीपेक्षा हा पुरावा भक्कम आहे. ऑडिटच्या सुरुवातीच्या बैठकीतच सांगून टाका की अमुक मशीनवरचे ऑपरेटर कर्णबधिर आहेत. ऑडिटर लाइनवर आला आणि "जॉब रिजेक्ट झाला तर काय करता?" असं विचारलं, की सुपरवायझर पुढे होऊन उत्तर द्यायला बघेल. त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, प्रश्नाची खूण करायची आणि बाजूला उभं राहायचं, उत्तर ऑपरेटर करून दाखवेल.